मदत हवी आहे : शाळा सुधार आराखड्यात विद्यार्थ्यांचे म्हणणे कसे आणावे?

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेच्या सुधार आराखडा समितीत पालक प्रतिनिधी आहे. समितीत दोन विद्यार्थीही आहेत. मात्र प्रत्येक बैठकीत ते केवळ ऐकत बसतात, आणि मला हे मनापासून खटकते, कारण आठवीनंतर गणितात मागे पडणारी मुले नेमकी कुठे अडतात, हे त्यांच्याइतके आम्हा मोठ्यांना ठाऊक नाही.

गेल्या वर्षी आम्ही एकदम 11 उद्दिष्टे ठरवली आणि वर्षअखेरीस फक्त गुण तपासले. यंदा दोनच उद्दिष्टे घेऊन, अमेरिकी गुणवत्ता-व्यवस्थापन तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्या ‘आखणी, कृती, अभ्यास, सुधारणा’ या चक्राप्रमाणे दर 6 आठवड्यांनी आढावा घ्यावा, असे मी सुचवले आहे.

विद्यार्थ्यांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून आधी त्यांची स्वतंत्र बैठक घ्यावी, की सर्व वर्गांकडून निनावी प्रश्नावली भरून घ्यावी? शिवाय शिक्षकांवर (त्यांच्याकडे आधीच पुष्कळ नोंदी असतात) नवा बोजा न टाकता, गुणांखेरीज प्रगती कशावरून ओळखावी? उपस्थिती आणि अपूर्ण गृहपाठ एवढेच मला सुचते. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.