सीओपीडी आणि झोपेत श्वास अडकणे: रात्रीचा ऑक्सिजन पुरेसा आहे का?

प्रश्न

माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. त्यांनी विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण तीस वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केला, आणि आठ वर्षांपूर्वी त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दीर्घकाळ राहणारा फुप्फुसाचा आजार) असल्याचे निदान झाले. गेल्या हिवाळ्यापासून रात्री कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लावतो. त्यांचे वजन ८४ किलो आहे. त्या मोठ्याने घोरतात आणि घोरता घोरता एकदम शांत होतात. पंधरा-वीस सेकंद खोलीत फक्त यंत्राची घरघर ऐकू येते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन त्या कूस बदलतात. सकाळी उठल्यावर डोके जड असते, आणि दुपारी तांदूळ निवडताना सुपावरच त्यांचा डोळा लागतो. डॉक्टरांनी स्लीप स्टडी (झोपेतील श्वास आणि ऑक्सिजन रात्रभर मोजणारी तपासणी) सुचवली आहे, परंतु बोटावरच्या ऑक्सिमीटरवर रात्री ९५-९६ दिसत असल्यामुळे घरच्यांना तो खर्च अनावश्यक वाटतो. आकडा जरा उतरला की माझे यजमान ऑक्सिजन तीन लिटरवर नेतात. हे योग्य आहे का?

उत्तर (छातीरोगतज्ज्ञ)

सर्वप्रथम एक विनंती: डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑक्सिजन वाढवू नका. सीओपीडीच्या ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी आम्ही साधारणपणे ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवतो, त्यामुळे ९६ हा आकडा पाहून समाधान मानण्याचे कारण नाही. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन सांगतो, कार्बन डायऑक्साइड सांगत नाही. सकाळचे जड डोके आणि दिवसाची गुंगी ही त्या साठलेल्या वायूची खूण असू शकते.

आपण केलेल्या वर्णनावरून घशाचा मार्ग झोपेत मिटत असावा अशी दाट शंका येते. सीओपीडी आणि हा विकार एकाच रुग्णात असले की त्याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणतात. हे नाव फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये रूढ केले. नुसत्या ऑक्सिजनने मिटलेला घसा उघडत नाही. उलट ऑक्सिजन भरपूर असल्याने मेंदू उशिरा जागा होतो आणि श्वास थांबण्याचा काळ लांबू शकतो. स्वप्नांच्या झोपेत मान-छातीचे मदतनीस स्नायू सैल पडतात, आणि ज्यांचे फुप्फुस आधीच दुबळे आहे त्यांना त्याच वेळी सर्वाधिक फटका बसतो. २०१० मध्ये स्पेनमधून प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत, उपचार न घेतलेल्या अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे आणि सीओपीडी बळावून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक आढळले. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) वापरणाऱ्यांची स्थिती बरी होती.

म्हणून स्लीप स्टडी करावी, आणि शक्यतो प्रयोगशाळेत, तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली करावी, कारण घरच्या साध्या यंत्रावर सीओपीडीमुळे उतरलेला ऑक्सिजन आणि घसा मिटल्यामुळे उतरलेला ऑक्सिजन यांत गल्लत होऊ शकते. त्याआधी धमनीतील रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, करून घ्या. झोपेची गोळी देत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उत्तर (एका रुग्णाचा मुलगा)

माझे वडील तीन वर्षांपासून मास्क लावून झोपतात. पहिला महिना फार कठीण गेला. मध्यरात्री ते मास्क ओढून काढत आणि आम्हाला वाटे की उपचारच सोसत नाही. दोष मास्कच्या मापाचा निघाला: रात्री कवळी काढल्यावर गाल आत जात आणि कडेने हवा सुटून डोळ्यांवर येई. बसवणाऱ्याने तो कवळी घातलेली असताना मापला होता. नवे माप घेतले, ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घालू लागलो, आणि आठ दिवस दुपारी टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावण्याचा सराव केला, तेव्हा ते स्वतःच मागू लागले. गावाकडे वीज जाते. इन्व्हर्टरवर यंत्र किती तास चालते हे आधी पाहून ठेवा.

प्रश्नकर्ती

एबीजी झाली. पीएच (रक्ताची आम्लता) ७.३६ आणि कार्बन डायऑक्साइड ५८ आला. आता सीपॅप घ्यावा की बायपॅप?

उत्तर (छातीरोगतज्ज्ञ)

कार्बन डायऑक्साइडची नेहमीची वरची मर्यादा ४५ आहे, म्हणजे तो नक्कीच साठतो आहे. पीएच जवळपास ठीक असल्यामुळे हे बरेच दिवस चालू असावे. सीपॅप श्वास घेताना आणि सोडताना एकाच दाबाने घसा उघडा ठेवतो. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतो, त्यामुळे छातीला प्रत्यक्ष मदत मिळून वायू बाहेर पडतो. एवढा आकडा असताना बायपॅपचा विचार अधिक करावा लागतो, परंतु दाब किती ठेवायचे आणि त्यातून ऑक्सिजन किती सोडायचा हे झोपेत मोजूनच ठरवावे. दुकानातून यंत्र आणून अंदाजाने लावू नका. सध्याचा ऑक्सिजन मात्र स्वतःहून बंदही करू नका. अहवाल घेऊन या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना भेटा, आणि त्या हाका मारूनही नीट जाग्या होत नसतील किंवा असंबद्ध बोलू लागल्या, तर भेटीची वाट न पाहता त्यांना तातडीने रुग्णालयात न्या.