कवडीची चमक घासून आणलेली नसते

एकाने विचारलंय की पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधतो त्या कवड्यांना पॉलिश करतात का. नाही, ती चमक कवडीत राहणाऱ्या समुद्री जिवाचीच. जिवंतपणी त्याच्या अंगाचे दोन मऊ पदर दोन्ही बाजूंनी वर येऊन कवचाला झाकतात आणि वरून नवा थर चढवत राहतात. म्हणून कवडीच्या पाठीवर शिंपल्यासारखा खडबडीतपणा नसतो.

आमच्या घरी आजोबांच्या काळची माळ आहे. तिच्यातल्या बऱ्याच कवड्यांची पाठ दोरी ओवायला घासून काढलेली आहे. उजेडात धरा, आतलं वेटोळं स्पष्ट दिसतं. म्हणजे हीसुद्धा गोगलगायच! लहानपणी तिचं तोंड रुंद, कड पातळ असते. वाढ पुरी झाली की कड आत वळते, तिला दात फुटतात आणि मग कवडी लांबीला वाढत नाही. दिवसा प्रवाळाखाली दडून राहते, रात्री शेवाळ खरवडून खाते.

आणि समुद्र नसलेल्या आपल्या गावात ती आली व्यापारातून. 14व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवलंय की मालदीवचे लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेत. माळेतली एकही कवडी फेकू नका, फुटकीसुद्धा.