मदत हवी आहे: पीटरसन ग्राफ, के = २, उत्तर १ की ६?

अनुत्तरित
उद्या सकाळी सेमिनार आहे आणि इथेच अडकलोय. पीटरसन ग्राफचा (दहा शिरोबिंदू म्हणजे ठिपके, प्रत्येकाला तीन कडा म्हणजे जोडरेघा) के-इंडिपेन्डन्स नंबर काढायचाय, के = २. माझं उत्तर १ येतं, सरांच्या नोट्समध्ये ६ आहे. तीनदा तपासलं. कुठे चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

रेघोट्या
व्याख्या कुठली घेतलीय?

अनुत्तरित
अहो, नेहमीचीच. के = १ ला साधा इंडिपेन्डन्स नंबर मिळतो ती, म्हणजे आपापसात एकही कड नसलेले जास्तीत जास्त किती बिंदू निवडता येतात तो. तो ४ येतो, त्यात शंका नाही.

आकडेमोड
हाताने कशाला करताय? सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये पीटरसन ग्राफ तयारच मिळतो. इंडिपेन्डंट सेट (आपापसात कड नसलेल्या बिंदूंचा संच) मागा, लगेच उत्तर.

कृष्णाकाठ
सेज कशाला? हॉफमन बाउंड वापरा, ग्राफच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंवरून इंडिपेन्डन्स नंबरची वरची मर्यादा मिळते. आयगेनव्हॅल्यू ३, १ आणि −२. दहा गुणिले २ भागिले ५, बरोबर ४. मला तर हे गणित दर वेळी नव्याने आवडतं.

रेघोट्या
४ त्याला आलाय हो! अनुत्तरित, व्याख्या शब्दशः लिहा. के = १ ला साधा नंबर देणाऱ्या व्याख्या एकाहून जास्त आहेत.

अनुत्तरित
निवडलेल्या कुठल्याही दोन शिरोबिंदूंमधलं अंतर (एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागणाऱ्या कमीत कमी कडा) के पेक्षा जास्त.

रेघोट्या
मग तुमचं १ बरोबर. पीटरसनचा व्यासच, म्हणजे दोन बिंदूंमधलं सर्वांत मोठं अंतर, २ आहे, दुसरा बिंदू घेणार कुठून? नोट्समधला ६ फिंक आणि जेकबसन यांच्या १९८५ च्या व्याख्येचा दिसतोय: निवडलेल्या प्रत्येक बिंदूचे निवडलेले शेजारी के पेक्षा कमी. म्हणजे इथे जास्तीत जास्त एक.

पीटरसन ग्राफ असा बघा: १ ते ५ मधल्या दोन-दोन अंकांच्या जोड्या हे शिरोबिंदू. सामाईक अंक नसेल तर कड. आता १ ते ४ मधल्या सहा जोड्या घ्या. १२–३४, १३–२४, १४–२३ अशा तीन सुट्या कडा मिळतात. सात जमत नाहीत: प्रत्येकाच्या किमान २ कडा बाहेर जाणार, म्हणजे १४. बाहेर उरले तीन, त्यांना मिळून ९ च कडा झेपतात.

कृष्णाकाठ
तिसरी व्याख्याही आहे, शेजारी बिंदूंना वेगळे रंग देऊन के रंगांत रंगवता येईल असा सर्वांत मोठा भाग. तिथे उत्तर ७. सेमिनारमध्ये तिन्ही सांगा.

रेघोट्या
एका रात्रीत तिन्ही नकोत. त्याच्या नोट्समध्ये आहे तेवढं पक्कं करू दे.

अनुत्तरित
नोट्सचं पहिलं पान आत्ता पाहिलं, शेजाऱ्यांचीच व्याख्या आहे. मी एका पेपरातली अंतराची धरून बसलो होतो. रेघोट्या, खूप आभार. पण कृष्णाकाठ, ७ च का? एका रंगाचे बिंदू म्हणजे एक इंडिपेन्डंट सेट, मग दोन रंगांचे ४ आणि ४ मिळून ८ का होत नाहीत?

कृष्णाकाठ
चार बिंदूंचा इंडिपेन्डंट सेट म्हणजे एकच सामाईक अंक असलेल्या चारही जोड्या. १ चा सेट आणि २ चा सेट घेतलात तर १२ दोन्हीत येतो.