ओसीडी असलेली माणसं जास्त हुशार असतात का?

मडगावकर

आमच्या नात्यातला एक मुलगा यंदा दहावीला आहे. वर्गात कायम पहिल्या पाचांत. गेले काही महिने एकच पान फाडून पुन्हा लिहायचं, भरलेलं दप्तर उपसून पुन्हा भरायचं, असं चाललं होतं. डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असल्याचं सांगितलं. घरात सुतक पडल्यासारखं झालंय. मी त्यांना म्हटलं, धीर सोडू नका, हा हुशार माणसांनाच होणारा आजार आहे. आणि हे मी नुसतं समजूत काढायला म्हणत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ मध्ये हा विचार मांडला, फ्रॉइडने १९०९ मध्ये तो उचलून धरला. निकोला टेस्लाने स्वतःच लिहून ठेवलंय की पुन्हा पुन्हा करायच्या गोष्टींची संख्या तीनने भागली जावी असा त्याचा हट्ट असे. १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा कोश देणारा सॅम्युअल जॉन्सन दारातून आत शिरताना पावलं मोजायचा. बारीक नजर, जबाबदारीची जाणीव, चिकाटी हे गुण या माणसांत उपजतच असतात, असं माझं ठाम मत आहे.

पर्वरीहून, मानसशास्त्र शिकवते

भाऊ, तुमची तळमळ पोचली, पण दावा टिकत नाही. या विषयावरचे उपलब्ध ९८ अभ्यास एकत्र करून काही वर्षांपूर्वी मोठा आढावा घेतला गेला. ओसीडी असलेल्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण टप्प्यातच निघाला, वर नाही. उलट काही चाचण्यांत थोडा खालीच होता. त्याचंही कारण बुद्धी कमी हे नव्हे. घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत ही माणसं मागे पडतात, कारण शंका फेडत फेडत पुढे जावं लागतं.

फ्रॉइडने १९०९ मध्ये ज्याच्यावर लिहिलं तो गाजलेला रुग्ण वकील होता. फ्रॉइडची फी परवडणारे बहुतेक शिकले-सवरलेलेच. तेवढ्या माणसांवरून सगळ्या रुग्णांची बुद्धी कशी मोजणार? टेस्ला आणि जॉन्सन यांचं निदान तर आपण त्यांच्या मृत्यूनंतर करतोय.

दुसरं म्हणजे टापटिपीची आवड आणि ओसीडी यांत गल्लत होते. टापटिपीने माणसाला समाधान मिळतं. ओसीडीत नको असलेला विचार डोक्यात घुसतो, त्याची भीती शमवायला कृती करावी लागते, आणि ती कृती त्या माणसाला स्वतःलाच नकोशी असते. निदानाच्या निकषांत तर, हे रोज तासाहून जास्त वेळ खातं का किंवा जगणं विस्कटतं का, हेच बघतात. त्याला गुण म्हणू नये.

मडगावकर

ताई, सरासरी कागदावर ठीक आहे. मुलाच्या कानावर काय पडतं ते बघा. शेजारी ‘डोक्यात फरक झालाय’ म्हणाले त्या दिवसापासून तो ट्यूशनला जात नाही. अशा वेळी ‘तू हुशार आहेस म्हणून हे होतंय’ या वाक्याने तो ताठ मानेने बसला, जेवला. तुमच्या आढाव्यातलं कुठलं वाक्य मी त्याला सांगू?

वेर्ण्यात क्यूसी

काका, मला ओसीडी आहे, म्हणून लिहिते. मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. पीएच मीटरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहायचं, सही करायची, पुढचं सॅम्पल घ्यायचं. मी ६.८ लिहायचे, सही करायचे आणि पान उलटताच वाटायचं, ८.६ तर नाही ना लिहिलं? पान मागे. ६.८ च असायचं. पुढे गेले की पुन्हा मागे. शेवटी आकड्यावर बोट ठेवून ओठातल्या ओठात ‘सहा पॉइंट आठ’ म्हणायचे. तरी पोटातला गोळा जायचा नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, मॅडमच्या रजिस्टरमध्ये चूक शोधून दाखवा. कंपनीची बस मला सोडून गेलेली असायची, ते कुणाला दिसायचं नाही.

पहिल्यांदा लिहिलेला आकडाच बरोबर असायचा, काका. काम मला येतं, म्हणून. पुढची सगळी तपासणी निव्वळ छळ होता. २००३ मध्ये दोन डच संशोधकांनी ओसीडी नसलेल्या लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅस शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली होती. आठवण चुकेना, पण स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा मात्र घसरला. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी रडले.

कौतुकामुळेच मी कित्येक वर्षं बांबोळीच्या मनोरुग्णालयाची पायरी चढले नाही. हे गेलं तर माझ्यातलं चांगलंही जाईल, अशी भीती होती. मग गोळ्या घेतल्या आणि ईआरपी केली. त्यात भीती वाटते ते मुद्दाम करायचं आणि नंतर तपासायचं नाही. फार जड गेलं. आता एकदा लिहून पान उलटते. रजिस्टर तितकंच चोख आहे.

डिचोलीची सून

पर्वरीच्या ताई, बुद्ध्यांकाच्या आकड्यांनी आमच्यासारख्या घरांत काही हलत नाही. आमच्याकडे हुशारीचा नाही, सोवळ्याचा मान असतो. आजेसासूबाई चतुर्थीला मातोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, फळं एकेक करून धूत, कुणाचा पदर लागल्याची शंका आली की सगळी पुन्हा विहिरीवर. हातांना भेगा पडलेल्या. येणारी-जाणारी म्हणायची, ‘केवढी निष्ठा!’ त्यांना ओसीडी होता असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण बाये, तुला त्रास होतो का, एवढंही कुणी कधी विचारलं नाही. म्हणून कौतुकाची मला धास्तीच वाटते.

मडगावकर

वेर्ण्याच्या ताईंचं दोनदा वाचलं. मुलाला हुशार म्हणणं मी सोडणार नाही, तो आहेच. पण आता त्याच्या आईचा प्रश्न आहे. रोज रात्री तो तिला विचारत राहतो, ‘उत्तर पुरं लिहिलंय ना?’ ती ‘हो’ म्हणते, तो पुन्हा विचारतो. तिने करावं काय?

पर्वरीहून, मानसशास्त्र शिकवते

प्रत्येक ‘हो’ने त्याला घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी पक्की होते. पण एकदम गप्प बसू नका, तो बिथरेल. थेरपिस्टसमोर आई आणि मुलाने मिळून ठरवावं: आधी एकदाच उत्तर, काही दिवसांनी तेही नाही. ‘ही शंका आजाराची आहे, मी इथेच बसलेय,’ एवढं ती म्हणू शकते. पान फाडणं थांबलं की शाब्बासकी त्याची द्या, सुबक वहीची नको. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवता येईल. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोन फुकट लागतो.