ब्रश स्क्रिप्ट 'काढून टाका' म्हणणाऱ्यांना उत्तर

फराटा: 'ब्रश स्क्रिप्ट म्हणजे हस्ताक्षराचं सोंग, असले फॉन्ट कॉम्प्युटरवरून काढूनच टाकावेत' असं काल कुणीतरी लिहिलंय. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रॉबर्ट स्मिथ यांनी हा इंग्रजी टाइप १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या खिळे ओतणाऱ्या कंपनीसाठी काढला, तोही शिशात. छपाईचा शिशाचा खिळा म्हणजे एकेका अक्षराचा चौकोनी ठोकळा. त्यात बसूनही एका अक्षराची शेपटी पुढच्याला नेमकी भिडते आणि कुंचल्याने एका दमात लिहिल्यासारखी ओळ उमटते. हे सोंग? दोन-तीन शब्द, मोठा आकार, पहिलंच अक्षर तेवढं कॅपिटल. असा वापरून बघा, मग बोला.

शाईडाग: ते माझंच पोस्ट. कारागिरीबद्दल वाद नाही. पण हाताने मारलेला फराटा पुन्हा तसाच येत नाही. इथे एका शब्दात दोन 'ओ' आले की दोन्ही तंतोतंत सारखे! आणि वापराचं म्हणाल, तर आई आजारी होती तेव्हा एका दवाखान्यात खोल्यांच्या पाट्या याच टाइपात होत्या, सगळी कॅपिटल. आईला धरून प्रत्येक पाटीसमोर मी अक्षरं लावत उभी. तेव्हापासून हा फॉन्ट दिसला की डोकं फिरतं.

खिळेजुळारी: वाईट वाटलं वाचून. पण ताई, दोष पाटी करणाऱ्याचा. यातली कॅपिटल एकमेकांशेजारी उभी राहायला काढलेलीच नाहीत, त्यांनी फक्त शब्द सुरू करायचा. माझा खरा राग आहे तो अक्षरांत अंतर वाढवणाऱ्यांवर. जोड तुटतात, शेपट्या हवेत लोंबतात. अक्षरं एकमेकांना जोडलेल्या टाइपात अंतराला हात लावायचा नाही, एवढं साधं कळत नाही लोकांना?

ठळक_तिरपा: लहान आकारात जोड गच्च होतात, तेव्हा थोडं अंतर द्यावंच लागतं. रोज काम करतो म्हणून सांगतोय.

खिळेजुळारी: मग लहान आकारात वापरता कशाला? रोज काम करता आणि रोज तोडता!

ठळक_तिरपा: ग्राहक समोर बसून 'जरा मोकळं करा' म्हणतो तेव्हा तुम्ही या समजवायला. बोलणं सोपं आहे.

खिळेजुळारी: आयुष्य गेलंय ग्राहकांना 'नाही' म्हणण्यात. तुम्हीही म्हणा.

फराटा: अहो, मूळ मुद्दा राहिला बाजूला. सारख्या 'ओ'चं म्हणाल तर ओपनटाइप या नव्या फॉन्ट-प्रकारात एकाच अक्षराची दोन-तीन रूपं ठेवता येतात, शेजार बघून ती आपोआप बदलतात. आणि ओपनटाइपच्या कितीतरी आधीचा 'मिस्त्राल' हा टाइप बघा. रॉजे एक्सकोफों या फ्रेंच अक्षररचनाकाराने १९५३ मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून काढला. अक्षरं शिशाचीच, ठरलेलीच, तरी ओळ पळते.

शाईडाग: मिस्त्राल सुंदर आहे, हे मान्य. पण तुमची ती बदलती रूपं नव्या फॉन्टांत. लोक वापरतात तो जुनाच. ठीक आहे, मोठ्या आकारात एखाद्या नावापुरता राहू दे तुमचा ब्रश स्क्रिप्ट. वाट दाखवणाऱ्या पाटीवर मात्र कधीच नाही. यावरून मी हटणार नाही.

फराटा: पाटीवर नकोच. तिथे तुमच्याच बाजूला आहे मी.

खिळेजुळारी: मीही. पण अंतराचं काय? ठळक_तिरपा, गप्प का झालात?

ठळक_तिरपा: गप्प नाही. मोठ्या आकारात अंतर देत नाही, कधी दिलंही नाही. लहान आकारात देणार.