डोळे उघडे राहिले म्हणजे त्रास झाला असं नाही
कुत्र्याला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन शांतपणे मरण दिलं आणि त्याचे डोळे उघडेच राहिले, म्हणजे त्याला शेवटपर्यंत कळत होतं असं काहींना वाटतं, तर तसं नसतं हो. गेल्यावर प्राण्यांचे डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात, आणि श्वास थांबल्यावर एखादा आचका येतो, लघवी होते, पण तोवर शुद्ध कधीच गेलेली असते. इथे इंदूरला आमच्या लॅब्राडॉरच्या वेळी डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं म्हणून आई घाबरली नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तो सतरंजीवर चक्क घोरायला लागला, मग पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई आणि त्यातून भुलीच्या औषधाचा ओव्हरडोस. गुंगी देणार का हे मात्र आधी विचारून घ्या, आणि फीपण आधीच देऊन टाका, नंतर पाकीट काढवत नाही.