समांतर विश्वातले दुष्ट जग: कोणत्या मालिकेने त्याचे कारण दाखवले आहे?

उत्तररात्र (धागालेखक)

आपल्या ओळखीच्याच पात्रांची दुसरी आवृत्ती, तेच चेहरे, तीच नावे, बहुतेक वेळा तेच हुद्दे, आणि तरीही भोवतालचे जग क्रूर व सत्तेने पिसाटलेले, असे समांतर विश्व विज्ञानकथांवरील मालिकांमध्ये वारंवार येते. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मूळ 'स्टार ट्रेक'मधला जेरोम बिक्सबी यांनी लिहिलेला 'मिरर, मिरर' हा भाग, जो ६ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रसारित झाला. आयन वादळात माणसांना क्षणात एका जागेवरून दुसरीकडे पाठवणारे यंत्र बिघडल्यामुळे कॅप्टन किर्क, डॉक्टर मॅकॉय, स्कॉट आणि उहूरा दुसऱ्याच एंटरप्राइझ यानावर पोहोचतात. तिथे ग्रहांच्या शांततावादी संघराज्याऐवजी टेरन साम्राज्य आहे आणि वरच्या अधिकाऱ्याचा खून करून बढती मिळवण्याची रीत रुळलेली आहे.

हा भाग मला मनापासून आवडतो. परंतु अलीकडे 'स्टार ट्रेक'च्याच 'एंटरप्राइझ' या मालिकेतला २००५ सालचा 'इन अ मिरर, डार्कली' हा दोन भागांचा पट पाहिला आणि मन थोडे खट्टू झाले. त्याच्या पहिल्याच दृश्यात, परग्रहावरून मैत्रीचा हात पुढे करत आलेल्या व्हल्कनवर पृथ्वीवरचा शास्त्रज्ञ झेफ्राम कॉक्रेन गोळी झाडतो आणि जमाव त्या यानात लुटीसाठी घुसतो. दृश्य प्रभावी आहे यात शंका नाही. पण ही माणसे अशी का झाली, याचे उत्तर त्यात मिळत नाही. ती जणू जन्मतःच तशी आहेत, असे गृहीत धरून कथा पुढे सरकते.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, त्या दुसऱ्या जगातल्या दुष्टपणाला पटण्याजोगे कारण कोणत्या मालिकेने दिले आहे? तो माणसांच्या स्वभावात आहे, व्यवस्थेत आहे, की आणखी कशात? या मालिका जुन्या आहेत, त्यामुळे चर्चेच्या ओघात कथानकाचे रहस्य उघड झाले तरी माझी हरकत नाही.

सह्यवाटा

प्रश्न चांगला मांडला आहे. माझ्या मते 'मिरर, मिरर'मध्ये कारण दाखवलेले आहे, मात्र ते संवादांपेक्षा तपशिलांत आहे.

एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. माणसांना दुसरीकडे पाठवणारे ते यंत्र हाताळणाऱ्या काइल नावाच्या कर्मचाऱ्याची किरकोळ चूक होते. तिथला दाढीधारी स्पॉक, म्हणजे एंटरप्राइझ यानावरचा व्हल्कन अधिकारी, त्याला शिक्षा करायची ठरवतो. पण शिक्षेचे यंत्र स्पॉककडे नसते. वेदना देणारे ते छोटे उपकरण प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःच्याच कमरेला बाळगायचे असते आणि मागितल्यावर आपल्या हाताने वरिष्ठाला काढून द्यायचे असते. काइल ते देतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती आहे, पण आश्चर्य नाही. ही व्यवस्था कशी टिकते, हे एवढ्या एका कृतीतून कळते. दुसऱ्याच्या वेदनेत आनंद मानणारी माणसे त्या यानावर फारशी नाहीत. स्पॉक तर मुळीच तसा नाही. तो तर्कनिष्ठ आहे, दिलेला शब्द पाळणारा आहे आणि कप्तानपदाची त्याला हावही नाही. आपल्या विश्वातला स्पॉक आणि तो, यांत स्वभावाचा फरक जवळजवळ शोधूनच काढावा लागतो. फरक आहे तो ज्या नियमांखाली ते दोघे नोकरी करतात त्या नियमांत.

याच भागाच्या शेवटी आपला स्पॉक एक निरीक्षण नोंदवतो. त्याचा आशय असा की, सुसंस्कृत माणसांना रानटीपणाची बतावणी करणे सोपे गेले, पण त्या रानटी माणसांना सुसंस्कृतपणाची बतावणी करणे जमले नाही. म्हणूनच इकडे आलेले दुसरे किर्क आणि त्याचे सहकारी ताबडतोब ओळखले गेले आणि कोठडीत गेले. हे वाक्य दिसते त्यापेक्षा अस्वस्थ करणारे आहे, कारण रानटीपणा आपल्याला अवगत असतोच, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

मृण्मयी

सह्यवाटा, त्या निरीक्षणाला 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' या मालिकेने नंतर छेद दिला आहे, तो या चर्चेत यायला हवा. तिथला कप्तान लॉर्का हा मुळात टेरन साम्राज्यातून आलेला माणूस आहे, हे पहिल्या पर्वात बऱ्याच उशिरा, २०१८च्या सुरुवातीच्या भागांत उघड होते. तोपर्यंत तो संघराज्याचा अधिकारी म्हणून वावरत असतो आणि त्याला कोणी ओळखत नाही. १९६७ साली क्षणभरात जे उघडकीला आले, ते इथे का येत नाही? कारण क्लिंगॉन या लढाऊ परग्रही जमातीशी युद्ध पेटलेले असते, आणि लॉर्काचा कठोरपणा, त्याचे कोणालाही पणाला लावणे, हे सगळे युद्धकाळात खपून जाते. पुढे तर संघराज्याचे नेतृत्व साम्राज्याच्या सम्राज्ञीला, म्हणजे तिकडच्या फिलिपा जॉर्जूला, हाताशी धरून क्लिंगॉनांचा मूळ ग्रहच उद्ध्वस्त करण्याच्या योजनेला मान्यता देते, आणि मालिकेची नायिका मायकल बर्नमला आपल्याच वरिष्ठांपुढे उभे राहून ती थांबवावी लागते.

त्या मालिकेत उणिवा पुष्कळ आहेत आणि सम्राज्ञीला पुढे जवळजवळ लाडके पात्र करून टाकले हे मला अजिबात रुचले नाही. परंतु दुष्ट जग दूर कुठेतरी नाही, संकट आले की आपण होऊन त्याच्याकडे सल्ला मागायला जातो, हा मुद्दा तिने नेमका पकडला आहे. धागालेखकांनी विचारलेल्या कारणाच्या फार जवळ जाणारे हे उत्तर आहे असे मला वाटते.

'इन अ मिरर, डार्कली'बद्दलही थोडे वेगळे मत नोंदवते. त्यातला एंटरप्राइझ यानावरचा अधिकारी आर्चर उथळ आहे हे मान्य. पण आपल्या विश्वातून तिकडे गेलेल्या डिफायंट यानाच्या नोंदींमध्ये त्याची व्हल्कन सहकारी टपॉल हिला संघराज्याची माहिती सापडते, आणि असेही जग असू शकते एवढे कळल्यावर ती बंडाकडे वळते. त्याच नोंदींत आर्चर मात्र फक्त स्वतःचे नाव शोधतो आणि तिकडच्या आर्चरला मिळालेले मानसन्मान वाचून मत्सराने जळतो. एकाच कागदपत्रातून दोन माणसे दोन गोष्टी उचलतात, त्यामुळे सगळेच जन्मतः तसे आहेत असे त्या कथेबद्दल सरसकट म्हणता येणार नाही.

केवलप्रयोगी

या चर्चेत 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचे नाव अजून आले नाही याचे नवल वाटते. १९७० साली मे-जूनमध्ये सात भागांत दाखवलेली 'इन्फर्नो' ही कथा माझ्या दृष्टीने या उपप्रकारातली सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक कथा आहे.

इंग्लंडमध्ये पृथ्वीचे कवच भेदून खाली असलेली ऊर्जा मिळवण्यासाठी खोदकाम चालू असते. प्रकल्पप्रमुख प्राध्यापक स्टालमन कोणाचेही इशारे ऐकून घ्यायला तयार नसतो. त्याच प्रकल्पाच्या अणुभट्टीची वीज वापरून स्वतःचे प्रयोग करताना मालिकेचा नायक डॉक्टर समांतर इंग्लंडमध्ये फेकला जातो. तिथे राजघराण्याला गोळ्या घालून हुकूमशाही आलेली आहे. नेहमीचा मित्र ब्रिगेडियर तिथे डोळ्यावर पट्टी बांधलेला निर्दयी ब्रिगेड लीडर आहे, आणि शास्त्रज्ञ लिझ शॉ तिथे लष्करी गणवेशात कैद्यांची चौकशी करते.

आता खरा मुद्दा. त्या हुकूमशाही इंग्लंडमध्येही तेच खोदकाम चालू आहे, फक्त काही तास पुढे गेलेले. म्हणजे ज्या चुकीमुळे ते जग लाव्ह्यात जळून जाते, ती चूक हुकूमशाहीने जन्माला घातलेली नाही. लोकशाही असलेल्या आपल्या इंग्लंडमध्येही स्टालमन तितकाच हेकट आहे आणि शासन तितकेच डोळे मिटून बसले आहे. दुष्ट जगाकडे बोट दाखवून आपण निर्दोष ठरावे, अशी सोयच लेखक डॉन हॉटन यांनी ठेवलेली नाही. फरक पडतो तो सर कीथ गोल्ड या एका माणसामुळे. तिकडे तो मोटार अपघातात मरण पावलेला असतो. इकडे तसाच अपघात होऊनही तो वाचतो. परतलेल्या डॉक्टरला जेव्हा हे समजते, तेव्हा घटना ठरलेल्या वाटेनेच जातात असे नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येते आणि तो जिवाच्या आकांताने खोदकाम थांबवण्यासाठी धडपडतो.

आणि त्या जगातल्या माणसांचे काय? डॉक्टर त्यांना बरोबर आणू शकत नाही. ब्रिगेड लीडर बंदूक रोखून त्याला सोबत नेण्याची सक्ती करू पाहतो आणि तिकडची लिझ त्याच्यावर गोळी झाडते, म्हणजे निदान एक तरी जग वाचावे. आयुष्यभर हुकूम पाळलेली ती बाई शेवटच्या काही मिनिटांत स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेते. खलनायकांना सहानुभूती मिळवून देण्याचे अनेक प्रयत्न मी पाहिले आहेत, पण इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या मोठ्या किमतीवर ते क्वचितच कोणाला साधले असेल.

उत्तररात्र

'इन्फर्नो' मी पाहिलेली नाही, आता नक्की पाहीन. सह्यवाटा, आपल्या प्रतिसादावरून एक उपप्रश्न सुचतो. व्यवस्था दुष्ट आहे आणि माणूस नाही असे मानले, तर 'मिरर, मिरर'च्या शेवटी किर्कने तिकडच्या स्पॉकला दिलेला साम्राज्यात सुधारणा करण्याचा सल्ला यशस्वी व्हायला हवा होता. पण 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेने तर तो सल्ला त्या लोकांच्या मुळावर आला असे दाखवले आहे. ते आपल्याला पटते का?

सह्यवाटा

मला पटते, आणि तिच्यातला १९९४चा 'क्रॉसओव्हर' हा भाग मी त्यामुळेच फार वरचा मानतो. स्पॉक सत्तेवर येतो, शस्त्रसंन्यास आणि शांततेचा आग्रह धरतो, सुधारणा पूर्णही करतो. आणि मग स्वसंरक्षण करू न शकणारे ते साम्राज्य क्लिंगॉन आणि कार्डॅशियन या दोन परग्रही जमातींची युती गिळंकृत करते. माणसे गुलाम होतात.

इथे दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली म्हणजे किर्कने दिले काय होते? त्याने स्पॉकला विचार दिला खरा, पण सोबत त्याच्या केबिनमधल्या त्या गुप्त यंत्राचाही पत्ता दिला, जे दूर बसून शत्रूला क्षणात नाहीसे करते. म्हणजे सुधारणेचा आरंभच खुनाच्या हत्याराने करण्याची मुभा त्याने देऊन ठेवली, आणि परिणामांची कोणतीही जबाबदारी न घेता तो आपल्या यानावर परतला. साम्राज्य कोसळणारच, साधारण २४० वर्षांत, असे स्पॉकचे स्वतःचे गणित होते. ते लवकर कोसळले तर त्याच्या जागी काय उभे राहील, हा प्रश्न मात्र किर्कने विचारला नाही आणि त्या भागाच्या लेखकानेही विचारला नाही. तो पुढच्या पिढीतल्या लेखकांनी विचारला, याला मी मालिकेचे मोठेपण समजतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आपल्या विश्वात ज्या अंतराळस्थानकावर कार्डॅशियनांनी बेजोर ग्रहाच्या लोकांना खनिज शुद्धीकरणाच्या कामाला जुंपले होते, त्याच स्थानकावर तिकडे माणसे तेच काम करत आहेत आणि त्यांच्यावर हुकमत आहे ती बेजोरच्या किराची. आपली किरा तर त्या गुलामगिरीविरुद्ध लढत मोठी झालेली बाई. ती स्वतःचाच चेहरा मालकाच्या आसनावर पाहते. जुलूम सोसलेली माणसे सत्ता मिळाल्यावर जुलूम करणारच नाहीत, या आपल्या समजुतीला त्या दृश्यात जागा उरत नाही. पुढचे भाग मात्र मला सोसवत नाहीत. १९९५पासून १९९९पर्यंत ते त्या विश्वात पुनःपुन्हा गेले आणि दर वेळी किराची ती आवृत्ती अधिकाधिक नखरेल होत गेली. गांभीर्य गेले आणि केवळ वेशभूषा उरली.

पश्चिमकडा

सर्व प्रतिसाद वाचले. 'फ्रिंज' या अमेरिकन मालिकेचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि माझ्या मते धागालेखकांच्या प्रश्नाचे सर्वांत पूर्ण उत्तर तिथेच आहे, कारण ती मालिका प्रश्नच उलटा करते.

सुरुवातीला तीही आपल्याला तसेच भासवते. ते दुसरे विश्व, तिथून येणारे वेषधारी हस्तक, युद्धाची तयारी करणारा संरक्षणमंत्री, हे सगळे पाहून तो शत्रुपक्ष आहे असे आपण ठरवून मोकळे होतो. मग दुसऱ्या पर्वात, एप्रिल २०१०मध्ये प्रसारित झालेल्या 'पीटर' या भागात १९८५ सालची हकिकत येते. वॉल्टर बिशप या शास्त्रज्ञाचा लहान मुलगा आजाराने गेलेला आहे. स्वतःच बनवलेल्या काचेतून त्याला दुसऱ्या विश्वातला तोच मुलगा त्याच आजाराने अंथरुणाला खिळलेला दिसतो. त्याला वाचवण्यासाठी वॉल्टर दोन विश्वांमधली भिंत फोडून तिकडे जातो. औषधाची कुपी वाटेत फुटते, म्हणून मुलाला इकडे घेऊन येतो, आणि बरा झाल्यावर परत पाठवत नाही. त्या एका कृतीमुळे तिकडच्या जगाला तडे जाऊ लागतात. तडा बुजवण्यासाठी तिथले शासन तो परिसर पिवळसर राळेसारख्या पदार्थात गोठवते, आत अडकलेल्या माणसांसकट. ती माणसे आत जिवंत असतात आणि शासन ते लोकांपासून लपवते.

ते शासन निर्दयी आहे हे नाकारता येणार नाही. पण त्या निर्दयपणाचे कारण आपल्या बाजूला बसले आहे, आणि त्याच्यावर आपण मालिकेच्या पहिल्या भागापासून जीव लावलेला आहे. तिकडचा वॉल्टर, म्हणजे तोच संरक्षणमंत्री, हा मूल चोरीला गेलेला बाप आहे. एवढेच नव्हे, तर लहान मुलांवर प्रयोग करण्याचा प्रस्ताव आल्यावर तो नकार देतो, जेव्हा आपल्या प्रेमळ, भाबड्या वॉल्टरने जॅक्सनव्हिलमध्ये लहान मुलांवर औषधाचे प्रयोग केलेले आहेत. दोघांत दुष्ट कोण, याचे उत्तर मालिका शेवटपर्यंत सोपे होऊ देत नाही.

मराठी वाचकाला ही विचारसरणी अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि तेवढ्यावरून हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. तिथले जग दुष्ट नाही, उलट पुष्कळ बाबतीत सरसच आहे. पण दोन जगांमधले अंतर माणसांच्या जातिवंत चांगुलपणावर नव्हे, तर एका नेमक्या घटनेवर अवलंबून ठेवायचे, ही शिस्त नारळीकरांनी पाळली आहे. 'एंटरप्राइझ'च्या त्या दोन भागांत धागालेखकांना जे खटकले, ते हीच शिस्त नसल्यामुळे असावे.

'फ्रिंज' पाहायची असल्यास पहिल्या पर्वातले सुटे भाग कंटाळवाणे वाटले तरी गाळू नयेत, कारण वॉल्टरबद्दलची आपली माया तिथेच तयार होते आणि 'पीटर'चा सगळा भार तिच्यावर आहे. तिसऱ्या पर्वात मालिका बराच काळ एक भाग इकडे आणि एक भाग तिकडे अशी चालते आणि शीर्षकाचा रंगही त्याप्रमाणे निळा किंवा लाल होतो. तिकडचे भाग पाहताना मालिकेची नायिका ऑलिव्हिया हिच्या तिथल्या आवृत्तीचे सहकारी आणि तिची आई यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.